न्यायमूर्ती रानडे आणि मांडवाचा वाद

संस्था काढणे अवघड, ती चालविणे त्याहून अवघड. परंतु एकाच कार्यकर्त्यांच्या हातून जन्मलेल्या दोन संस्थांना एकमेकींशी गोडीगुलाबीने वागावयास लावणे हे सर्वांत अवघड होय. परक्याशी तंटा झाला तर त्याची हद्द आखता येते. भावाभावांच्या घरात ती सहसा आखलेली नसते. देवस्थानाची समिती, त्याच महाजनांनी उभारलेले विद्यालयाचे मंडळ, विद्यार्थ्यांचे वसतिगृह, धर्मादाय निधी या साऱ्यांत माणसे बहुधा तीच असतात, वर्गणीदार तेच असतात, आणि सभाही त्याच अग्रशाळेत भरतात. सारे सुरळीत चालले असता ही एकरूपता बळ देते. मतभेद होताच तीच कलहाचे मूळ बनते. या प्रश्नाशी ज्यांचे निम्मे आयुष्य गुंतून राहिले, त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि सुधारक म्हणून त्यांची थोरवी सर्वश्रुत आहे. संस्थांच्या भांडणात सापडलेला कर्ता पुरुष म्हणून मात्र त्यांच्याकडे आपण क्वचितच पाहतो.

महादेवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी कारकून होते; पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले आणि महादेवरावांचे बालपण कोल्हापुरात गेले. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी ते शिक्षणासाठी मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये आले. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या चार पदवीधरांत रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे यांचा समावेश होता. पुढे रानड्यांनी कायद्याची पदवी घेतली, एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केले, अक्कलकोट व कोल्हापूर येथेही काही काळ काम पाहिले, आणि नोव्हेंबर १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून ते पुण्यास आले. त्यांच्या संस्थात्मक जीवनाचा खरा आरंभ येथून झाला.

पुण्यात त्या वेळी एक नवी संस्था नुकतीच उभी राहिली होती. तिच्या जन्माची हकीकत देवस्थानाशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. पर्वतीवरील पेशवेकालीन देवस्थानाचा कारभार पंचांकडे होता आणि त्या कारभाराविषयी नागरिकांत असमाधान होते. गाऱ्हाणे मांडावयाचे, तर कोणाच्या वतीने आणि कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न निघाला. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सारे पुणे सार्वजनिक काका म्हणून ओळखी, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक सरळ तोड काढली. जो सभासद होईल त्याने निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, म्हणजे तो त्यांच्या वतीने बोलू शकेल. अशा रीतीने सुमारे ६००० लोकांची मुखत्यारी घेतलेल्या ९५ सभासदांची पुणे सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. मुखत्यार हा शब्द आपल्या महाजन मंडळींना नवा नाही. त्यातील जबाबदारीही नवी नाही. देवस्थानाच्या हिशेबापासून सुरू झालेली ही सभा थोड्याच वर्षांत सबंध दख्खनच्या रयतेची वाचा बनली.

रानडे सरकारी नोकर होते. त्यामुळे सभेचे पद त्यांना घेता येत नव्हते. तरीही तेच सभेचे मेंदू होते. शेतसाऱ्याची चौकशी असो, १८७६-७७ च्या दुष्काळातील कागदपत्र असोत, की १८७८ पासून निघू लागलेले सभेचे इंग्रजी त्रैमासिक असो, त्यांमागे रानड्यांचा अभ्यास आणि लेखणी होती. याच काळात सभेच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट निघाले. दिवाणी दाव्याच्या खर्चात दोन्ही पक्ष बुडतात, त्यापेक्षा विश्वासातल्या पंचांनी घरच्या घरी निवाडा करावा, ही त्यामागील कल्पना होती. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ साली जो कायदा झाला त्यातही सावकार व कुळ यांच्यात समेट घडवून आणण्याची तरतूद होती. त्या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचे काम पुढे रानड्यांकडे आले आणि त्यानिमित्ताने त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरती केली. कायदा कोठे संपतो आणि समजूत कोठे सुरू होते, याचे ज्ञान त्यांना ग्रंथांइतकेच या फिरतीतून मिळाले असले पाहिजे.

त्यांच्या प्रेरणेने किंवा साहाय्याने निघालेल्या संस्थांची यादी मोठी आहे. मुंबईचा प्रार्थना समाज १८६७ सालचा. त्यात ते आरंभापासून होते. पुण्यातील वसंत व्याख्यानमालेमागची वक्तृत्वोत्तेजक सभा, १८८४ साली हुजूरपागेत निघालेली मुलींची शाळा, १८९० साली सुरू झालेली औद्योगिक परिषद, या सर्वांत त्यांचा हात होता. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिच्या तरुण संस्थापकांचेही ते वडीलधारे हितचिंतक होते. १८८५ साली काँग्रेसचा जन्म झाला, तेव्हा मुंबईच्या पहिल्या अधिवेशनास ते उपस्थित होते. काँग्रेसने राजकीय प्रश्नांपुरतेच बोलावे असे ठरल्यावर सामाजिक प्रश्नांसाठी १८८७ साली मद्रास येथे सामाजिक परिषद सुरू झाली, आणि तिची धुरा रानड्यांनी अखेरपर्यंत वाहिली. दर वर्षी काँग्रेसचे अधिवेशन आटोपले की त्याच मांडवात सामाजिक परिषद भरे. प्रतिनिधी बव्हंशी तेच असत; प्रवासाचा व मांडवाचा खर्च वाचे. ही सोय होती. परंतु मांडव कोणाच्या वर्गणीतून उभा राहतो आणि तो वापरण्याचा अधिकार परिषदेला कोणी दिला, हे कोठे लिहून ठेवलेले नव्हते.

पहिली ठिणगी मात्र मांडवावरून पडली नाही, ती माणसांवरून पडली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी आपला सगळा वेळ व शक्ती संस्थेस द्यावी, बाहेर मिळकत करू नये, असा बाळ गंगाधर टिळक यांचा आग्रह होता. १८९० साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले. गोखले रानड्यांचे शिष्य; सभेला अभ्यासू चिटणीस हवा होता आणि रानड्यांच्या दृष्टीने ही निवड सर्वथा योग्य होती. टिळकांच्या दृष्टीने एका संस्थेला अर्पण केलेला वेळ दुसरी संस्था घेत होती. आधीच धुमसत असलेल्या मतभेदांत या गोष्टीची भर पडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. एक माणूस दोन मंडळांवर बसला की दोन्ही मंडळे जवळ येतात, असे आपण समजतो. पुष्कळदा उलटच घडते. एका मंडळातील रुसवा तो माणूस नकळत दुसऱ्या मंडळात घेऊन जातो. पुण्यात पुढे जे घडले त्याचे बीज येथे आहे.

रानड्यांच्या स्वभावाची ओळख करून देणारी एक घटना याच सुमाराची आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. तेथे पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी घेतली नाहीत. पण उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या यादीत रानडे होते, तसेच टिळकही होते. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. त्यांना स्वतःला बहिष्काराची फारशी झळ लागत नव्हती. परंतु ज्या स्नेह्यांच्या घरी लग्नकार्ये, श्राद्धपक्ष अडले होते, ज्यांची वडीलधारी माणसे दुःखी होती, त्यांची कोंडी फुटावी म्हणून त्यांनी मान तुकविली. कट्टर सुधारकांनी त्यांना भित्रे म्हणून हिणविले, सनातन्यांनाही त्याचे कौतुक वाटले नाही. पत्नी रमाबाईंनाही ही गोष्ट रुचली नव्हती. यात त्यांचे चुकले की नाही याविषयी आजही दोन मते होऊ शकतात. स्वतःच्या मानापमानापेक्षा सोबत्यांची अडचण त्यांना मोठी वाटे, एवढे मात्र त्यातून निर्विवादपणे दिसते.

१८९३ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे अकाली निधन झाले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. हा त्यांच्या योग्यतेचा गौरव होता; पण त्यामुळे बावीस वर्षांचे पुण्याचे वास्तव्य संपले. ज्या संस्थांत त्यांना पद नव्हते, केवळ शब्दाला मान होता, त्या संस्थांपासून ते शंभरावर मैल दूर गेले. जुलै १८९५ मध्ये सार्वजनिक सभेची वार्षिक निवडणूक झाली, तीत टिळकांच्या पक्षाने व्यवस्थापक मंडळात बहुमत मिळविले. हे सभेच्या नियमांस धरूनच झाले. सभासद नोंदविणे, मते मिळविणे हे टिळकांच्या अनुयायांनी उत्साहाने केले. जुन्या मंडळींनी आपल्या वडीलकीवर भिस्त ठेवली होती. पंचवीस वर्षे जोपासलेली सभा एका दुपारी दुसऱ्यांच्या हाती गेली.

त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचे अकरावे अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष म्हणून येणार होते. स्वागत समितीच्या कामात टिळक चिटणीस होते आणि तेथे सुधारक पक्षाचेही वजन होते. याच समितीपुढे प्रश्न आला की, अधिवेशनानंतर सामाजिक परिषदेस काँग्रेसचा मांडव द्यावयाचा की नाही?

वाद वरवर पाहता कनातींचा आणि खांबांचा होता. खाली खोल प्रश्न होता. टिळक पक्षाचे म्हणणे असे की, काँग्रेससाठी वर्गणी देणाऱ्यांत सुधारणेस विरोध करणारे हजारो लोक आहेत. राजकीय कार्यासाठी त्यांनी दिलेल्या पैशातून उभारलेला मांडव त्यांना अमान्य असलेल्या कार्यास देणे न्याय्य नव्हे. आणि तसे केल्यास बहुजनसमाज काँग्रेसपासून दूर जाईल. रानड्यांच्या पक्षाचे म्हणणे असे की, आठ वर्षांची वहिवाट आहे, परिषद काँग्रेसचा ठराव मागत नाही, खर्च मागत नाही, फक्त रिकामा मांडव मागते. तो नाकारणे म्हणजे सुधारणेचा जाहीर अव्हेर होय. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. वृत्तपत्रांतून आणि सभांतून रण माजले. परिषद भरलीच तर ती उधळून लावण्याच्या गोष्टी उघड बोलल्या जाऊ लागल्या. अधिवेशनापूर्वीच टिळकांना चिटणीसपदावरून दूर व्हावे लागले. सुधारक पक्षाचा हा विजय म्हणता आला असता. पण त्यामुळे लोकांतील क्षोभ वाढलाच.

या वेळी रानड्यांनी जे केले ते या लेखाचे मुख्य प्रयोजन आहे. काँग्रेसमधील थोर पुढाऱ्यांत त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. हट्ट धरला असता तर मांडव मिळणे अशक्य नव्हते. त्यांनी तो हट्ट सोडला. सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात न भरविता स्वतंत्र जागी, स्वतंत्र मांडवात भरवू, असे त्यांनी जाहीर केले. काँग्रेसचे अधिवेशन पार पडले, आणि परिषदेचेही पार पडले. परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्यांचे जुने सहाध्यायी डॉ. भांडारकर होते. मालवणात जन्मलेला हा पंडित आणि निफाडचा हा न्यायमूर्ती, तेहतीस वर्षांपूर्वी एकाच पदवीपरीक्षेस बसलेले, वेगळ्या मांडवाखाली तेच कार्य करीत होते.

रानड्यांनी मांडव सोडला, पण परिषद सोडली नाही, तिचा एकही विषय कमी केला नाही आणि काँग्रेसशी असहकारही पुकारला नाही. जागा ही एक गोष्ट, कार्य ही दुसरी गोष्ट, हा भेद त्यांनी केला. भांडणाच्या भरात हा भेद सहसा राहत नाही; सभागृहाची किल्ली हातची गेली की धर्मच गेला असे वाटू लागते. रानड्यांच्या विरोधकांनाही त्यांच्या निर्णयानंतर लढण्यासाठी काही उरले नाही. दोन संस्थांची सरमिसळ झाली होती, ती सुटली. नाते तुटले नाही.

चरित्र लिहिताना नायकाचे यशच तेवढे सांगून थांबणे बरोबर नाही. सार्वजनिक सभेच्या बाबतीत असा समेट त्यांना साधला नाही. नव्या मंडळाखाली गोखल्यांना चिटणीस म्हणून काम करणे अशक्य झाले आणि त्यांनी ते पद सोडले. १८९६ च्या अखेरीस रानड्यांनी आपल्या अनुयायांसह डेक्कन सभा ही नवी संस्था काढली. जुन्या सभेचे नाव त्यांनी घेतले नाही. उदारमतवाद आणि संयम ही आपली तत्त्वे होत, असे नव्या सभेच्या जाहीरनाम्यात त्यांनी मांडले. टिळकांनी त्यावर केसरीतून कडक टीका केली. संयम हे जर नव्या सभेचे लक्षण, तर जुनी सभा असंयमी ठरते, असा अर्थ त्यातून निघत होता, आणि तो झोंबणे स्वाभाविक होते. समेट करणाऱ्याने शब्द किती तोलून वापरले पाहिजेत, याचे हे उदाहरण होय.

या फाटाफुटीची किंमत लवकरच मोजावी लागली. १८९६-९७ चा भयंकर दुष्काळ आला. सार्वजनिक सभेने आपले प्रतिनिधी गावोगाव पाठवून दुष्काळाच्या कायद्याने रयतेला कोणते हक्क दिले आहेत हे समजावून सांगितले. सरकारला हे खपले नाही, आणि १८९७ साली सभेस लोकांच्या वतीने सरकारशी बोलण्याचा अधिकार नाही असे सरकारने ठरविले. ज्या सभेच्या अर्जांना एके काळी विलायतेपर्यंत किंमत होती, तिचे दार बंद झाले. दुसरीकडे, त्याच वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी डेक्कन सभेने गोखल्यांना इंग्लंडला पाठविले. त्या साक्षीच्या तयारीत रानड्यांचे मार्गदर्शन होते आणि ती साक्ष गाजली. एका संस्थेकडे जनता होती, दुसरीकडे अभ्यास आणि सरकारदरबारी प्रवेश होता. पंचवीस वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सभेत नांदत होत्या. दुष्काळात होरपळणाऱ्या रयतेला त्या दोन्हींची गरज होती.

हे कशामुळे झाले? टिळक व रानडे यांच्या विचारांत अंतर होते हे खरे. पण निव्वळ विचारभेदाने संस्था फुटतातच असे नाही. सभेत निर्णय कोणाच्या अधिकाराने होतात आणि त्या व्यक्तीची गैरहजेरी झाली तर काय, याचा विचार झाला नव्हता. रानड्यांचा अधिकार नैतिक होता, तो घटनेत लिहिलेला नव्हता. ते मुंबईस जाताच त्याची पकड सैल झाली. मुखत्यारपत्रावर उभी राहिलेली सभा आपल्या मुखत्यारांकडे पुन्हापुन्हा जाण्याचे विसरली होती; टिळकांनी ते केले. दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तिसरा, मध्यस्थ म्हणून कोणी उरला नव्हता. ज्यांनी लवाद कोर्टाची कल्पना उचलून धरली, त्यांच्या स्वतःच्या संस्थेत लवाद नव्हता.

रानड्यांच्या अखेरच्या वर्षांत प्रकृती ढासळत गेली, तरी काम थांबले नाही. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरात लाहोरच्या अधिवेशनास व परिषदेस जाण्याची त्यांची सर्व तयारी झाली होती. डॉक्टरांनी प्रवासाची मनाई केल्यामुळे तो बेत रद्द करावा लागला. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. हायकोर्टात त्यांच्या रिकाम्या जागी नारायण गणेश चंदावरकर आले, आणि सामाजिक परिषदेचा भारही त्यांनीच उचलला. परिषदेचा वारसदार ठरला होता. सभेचा ठरला नव्हता, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

त्यांच्या निधनानंतर केसरीत टिळकांनी मृत्युलेख लिहिला. दहा वर्षे ज्यांच्याशी लेखणीने झुंज घेतली, त्या रानड्यांनीच निर्जीव झालेल्या महाराष्ट्रात चैतन्य आणले, अशा आशयाचा मुक्त गौरव त्यांनी केला. तो वाचताना आनंद होतो आणि थोडी हुरहुरही लागते. एवढा आदर मनात होता, तर तो दोघांच्या हयातीत एका बैठकीला पुरेसा का ठरला नाही? याच मतभेदाच्या रेषेवर १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली, आणि ती सांधली जाण्यास १९१६ साल उजाडले. तोपर्यंत गोखलेही निवर्तले होते.

आपल्या महाजन मंडळींच्या संस्थाही अशाच एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्यांचे भूषणही तेच आहे. कोणती वास्तू कोणाची, कोणता निधी कोणत्या कार्याचा, एका व्यक्तीने किती मंडळांवर बसावे आणि वाद उत्पन्न झाल्यास कोणाचा शब्द दोघांनी मानावा, या चार गोष्टी सौख्याच्या दिवसांत लिहून ठेवल्या तर वादाच्या दिवसांत त्या उपयोगी पडतात. आणि इतके करूनही प्रसंग आलाच, तर १८९५ च्या डिसेंबरातील तो दुसरा मांडव आठवावा. त्यात झगमगाट कमी असेल, पण सामाजिक परिषद त्या वर्षी चुकली नाही, आणि काँग्रेसही मोडली नाही.